नाव कोणाचे आणि दुकान कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसताईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला गप्पा मारणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे. परंतु आज सायंकाळच्या सभेपुढे किल्ल्याजवळच्या आपल्या टपरीचा प्रश्न येणार आहे. त्याविषयी मनात आहे ते बोलल्यावाचून मला झोप यायची नाही, म्हणून उभी राहिले. काही चुकले तर पदरात घ्या.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले. ते आपली टपरी भाड्याने घेऊन तीत परदेशी चॉकलेटे आणि गोळ्या ठेवणार. भाडे महिना 8,000 रुपये. आपण काही करायचे नाही. फक्त परवाना आणि बँकेचे खाते मंडळाच्या नावाने राहील, आणि दोघींनी सह्या करायच्या. मंडळाच्या खोलीचे छप्पर गळते आहे. अमसुले, आंबापोळी आणि कुळथाचे पीठ विकून आपल्याला त्याच्या निम्मेही सुटत नाहीत. तेव्हा पुष्कळजणींचे मन तिकडे झुकले असेल तर मी त्यांना दोष देत नाही. माझेही झुकले होते.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात माझ्या नणंदेची मुलगी लंडनहून चार दिवस माहेरपणाला आली. मी तिला कौतुकाने म्हटले, "अगं, आता विजयदुर्गातही तुमच्याकडची चॉकलेटे मिळणार!" तर ती हसली आणि म्हणाली, "मामी, ती दुकाने तिथे काय प्रकार आहे, ते तुला ठाऊक नाही."

तिने सांगितले ते असे. लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीट म्हणून मोठा बाजाराचा रस्ता आहे. तिथली भाडी फार महाग. 2020 सालच्या करोनानंतर त्या रस्त्यावरची मोठमोठी दुकाने बंद पडली आणि त्यांच्या जागी एकामागून एक अमेरिकन गोळ्या-चॉकलेटांची दुकाने उघडू लागली. दारात गुलाबी दिवे, आत छतापर्यंत रंगीत पुडे, आणि गिऱ्हाईक मात्र मोजके. आपल्या जुन्या गाण्यांच्या तबकड्यांवर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा असे, त्याच एच. एम. व्ही.चे दुकान त्या रस्त्यावर 1921 साली निघाले होते. तेसुद्धा 2019 साली बंद झाले आणि त्या जागेत गोळ्यांचे दुकान आले.

आता तुम्हीच हिशेब करा. एवढ्या महागड्या रस्त्यावर गोळ्या विकून भाडे तरी सुटेल काय? तिथल्या वेस्टमिन्स्टर पालिकेलाही हाच प्रश्न पडला. 2022 साली पालिकेने सुमारे 30 दुकानांची चौकशी चालविली. आपल्या घरपट्टीसारखी तिथे दुकानांवर पट्टी असते. तिचे सुमारे 79 लाख पौंड थकले असल्याचे पालिकेने सांगितले. आपल्या पैशात ते 70 कोटी रुपयांहून अधिक होतात. छाप्यांत बनावट मालही सापडला. वोंका नावाच्या चॉकलेटच्या खोट्या वड्यांबद्दल तर तिथल्या सरकारच्या अन्नखात्याने त्याच वर्षी लोकांना सावध केले. त्या कोणी, कुठे बनविल्या याचा पत्ता नाही. वेष्टनावर लिहिले आहे तेच आत आहे याची खात्री नाही. एखाद्या मुलाला शेंगदाणा सोसत नसला तर त्याच्या जिवावरच बेतायचे.

मी विचारले, "मग मालकाला धरत का नाहीत?" ती म्हणाली, "मामी, मालक सापडला तर ना!" दुकान असते एका कंपनीच्या नावावर. कागदावर जो मालक, तो बहुधा नावापुरता. पट्टीची मागणी आली की ती कंपनी गुंडाळायची. त्याच जागेत, त्याच मालासकट दुसऱ्या नावाची कंपनी उभी! जागेचे मालकही फार खोलात शिरत नाहीत, कारण जागा रिकामी राहिली तर पट्टी त्यांच्याच अंगावर येते. खरा पैसा कोणाचा, हे सहसा कळत नाही. तिथे काळ्याचा पांढरा होत असावा असाही संशय पुष्कळांनी बोलून दाखविला. पुढे पालिकेने नेट लावला तेव्हा बरीच दुकाने उठली, आणि 2023 च्या नोव्हेंबरात एच. एम. व्ही. आपल्या जुन्या जागेत परत आले.

भगिनींनो, "नावापुरता मालक" हे शब्द ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण मीही एकदा नावापुरती मालकीण झाले होते.

माझ्या लग्नाला तेव्हा आठ-नऊ वर्षे झाली होती. नात्यातल्या एका गृहस्थांनी दुकान काढायचे ठरविले. "वहिनी, बाईच्या नावाने कर्जाला सवलत मिळते, तुम्ही फक्त सही करा," म्हणाले. मी भाकरी थापीत होते. हाताचे पीठ पदराला पुसले आणि त्यांनी बोट ठेवले तिथे तिथे सही केली. एक अक्षर वाचले नाही. वाचता येत होते, तरी वाचले नाही! दोन वर्षांत दुकान बुडाले आणि नोटीस आली ती माझ्या नावाने. ते गृहस्थ वाईट नव्हते, पण ते मुंबईस निघून गेले आणि माझ्या दोन पाटल्या मोडाव्या लागल्या. सासूबाई रागे भरल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाय, घरची चावी कोणाक देवची नाय, तशी सहीय देवची नाय."

आपल्याकडे आलेले गृहस्थ लबाड आहेत असे मी म्हणत नाही. परंतु त्यांनी नमुना म्हणून दिलेला पुडा मी उलटून पाहिला. आपल्या देशात परदेशी खाऊ विकायचा तर तो आणणाऱ्याचे नाव, पत्ता आणि अन्नखात्याचा 14 आकडी क्रमांक वेष्टनावर लागतो. शाकाहारी असेल तर चौकोनातला हिरवा ठिपका लागतो. त्या पुड्यावर यांपैकी काहीही नव्हते. मी त्यांना विचारले, "मालाचे बिल मिळेल ना?" तर म्हणाले, "काकी, बिलाचे काय घेऊन बसलात!" उद्या एखाद्या सहलीचे पोर तो खाऊ खाऊन आजारी पडले तर त्याची आई कोणाच्या नावाने बोटे मोडील? पाटीवर नाव असेल मंडळाचे, आणि कागदावर तुमचे-माझे.

नावाची किंमत आपल्या देवगड तालुक्याला कोणी शिकवायला नको. कुठला कुठला आंबा "देवगड हापूस" म्हणून शहरात खपतो आणि आपल्या बागायतदाराचे नाव खराब होते. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी नक्कल थांबली नाही. म्हणून तालुक्याच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचे स्टिकर लावण्याची योजना काढली. एकीकडे आपली माणसे नाव राखण्यासाठी एवढी धडपडतात आणि दुसरीकडे आपण 8,000 रुपयांत मंडळाचे नाव परक्याच्या हाती द्यायचे, हे मला पटत नाही.

नुसते "नको" म्हणून छप्पर शाकारले जाणार नाही, हेही मी जाणते. म्हणून माझी सूचना अशी. टपरी आपणच पाळ्या लावून शनिवार-रविवार नेमाने उघडू. आज ती कधी उघडी, कधी बंद. मग गिऱ्हाईक यावे कसे? पोरांना खाऊच हवा असतो. आपले गुळाचे खाजे, शेंगदाण्याची चिक्की, आंबापोळी लहान लहान पुड्यांत ठेवू. किल्ला पाहून दमलेल्यांना कोकमाचे सरबत देऊ. पुड्यावर मंडळाचे नाव, तारीख आणि आपला परवाना क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहू. पहिल्या वर्षी 8,000 सुटणार नाहीत. पण जे सुटेल ते कोणाचे, हे विचारावे लागणार नाही.

सायंकाळी ठराव वाचला जाईल तेव्हा मी हात वर करणार नाही. तुमचे मन निराळे असेल तर खुशाल करा, पण सही करण्यापूर्वी कागद सर्वांपुढे मोठ्याने वाचून घ्या, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. आणि पाळ्या ठरल्या, तर माझी पहिली पाळी येत्या शनिवारची धरा.