कायदेमंडळातील कामगारांचा सभासद : ना. म. जोशी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा आपल्या गावचा रिवाज. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात वर्गणीच्या पावत्या फाडताना आणि लेबर कोर्टाच्या बाकावर पुढच्या तारखेची वाट पाहताना झाले. तेव्हा तत्त्वचर्चेची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नये. ज्या कायद्याच्या आधाराने आम्ही युनियनचे काम केले तो कायदा आला कोठून, एवढेच आज सांगणार आहे.

मुंबईत लोअर परळला ना. म. जोशी मार्ग आहे. जुनी माणसे अजून डिलाईल रोडच म्हणतात. त्या पाटीवरचे नारायण मल्हार जोशी कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, जन्म १८७९चा. १९०९ साली ते भारत सेवक समाजात गेले, १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२०च्या ऑक्टोबरात आयटक स्थापन झाली तिच्या उभारणीत ते होते. हे चरित्र आपल्याला कोठेही वाचायला मिळेल. मला बोलायचे आहे ते १९२१ ते १९४७ या काळातल्या जोशींविषयी. ही सगळी वर्षे ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे सभासद होते.

सभासद होते, पण निवडून आलेले नव्हते. सरकारने नेमलेले होते. मताचा हक्क त्या वेळी मालमत्तेवर आणि करावर ठरे. चाळीतल्या एका खोलीत दहाजणांबरोबर राहणाऱ्या गिरणीकामगाराला कोण मत देणार? म्हणून कामगारांसाठी सरकारने एक जागा ठेवली आणि तिथे या माणसाला बसवले. सुमारे १४५ जणांच्या सभागृहात एक! सरकारने दिलेल्या खुर्चीवर बसून सरकारच्याच बिलाला विरोध करायचा, आणि तोही असा की पुढच्या खेपेला पुन्हा आपल्यालाच नेमावे लागेल. यासाठी नुसती तळमळ पुरत नाही. कामकाजाचे नियम पाठ असावे लागतात.

१९१८ साली मद्रासेत बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतल्या कामगारांची मद्रास लेबर युनियन निघाली. बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष. १९२० साली टाळेबंदी झाली आणि गिरण्यांच्या चालकांनी, म्हणजे बिनी कंपनीने, वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांवर हायकोर्टात दावा लावला. तक्रार काय? तर यांनी कामगारांना नोकरीचा करार मोडण्यास चिथावले, आमचे नुकसान झाले, ते भरून द्या. कोर्टाने मनाईहुकूम दिला. शेवटी तडजोड झाली तेव्हा वाडियांना युनियनपासून दूर व्हावे लागले. विलायतेत १९०६च्या कायद्याने अशा दाव्यापासून कामगार संघांना संरक्षण मिळाले होते. हिंदुस्थानात तेच काम करणारा माणूस मात्र दिवाणी दाव्यातही सापडे आणि फौजदारी कटाच्या कलमातही. संप करा म्हणणे हाच गुन्हा, असा प्रकार.

यावर सभा भरवता आल्या असत्या, निषेधाचे ठराव करता आले असते. आम्ही मंडळी तेच करतो. जोशींनी १ मार्च १९२१ रोजी कायदेमंडळात ठराव मांडला : कामगार संघांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी सरकारने कायदा आणावा. असा ठराव म्हणजे केवळ शिफारस. सरकार बांधले जात नाही. पण तो मंजूर झाला, आणि मंजूर ठराव दप्तरात पडला की तो कधीही बाहेर काढून ‘त्याचे काय झाले?’ असे विचारता येते. प्रांतांची मते मागवण्यात आणि मसुदा घडवण्यात वर्षे गेली. बिल १९२५ साली आले, १९२६ साली कायदा झाला आणि १ जून १९२७ रोजी तो अंमलात आला. ठरावापासून सव्वासहा वर्षे! आमच्या पोरांना तीन महिन्यांत निकाल हवा असतो.

त्या कायद्यात होते काय? सात माणसांनी सह्या केल्या की नोंदणीचा अर्ज करता येई. सतराव्या कलमाने कटाच्या आरोपापासून आणि अठराव्याने दिवाणी दाव्यापासून संरक्षण दिले. वाडियांवरच्या दाव्याला हे अठरावे कलम म्हणजे सरळ उत्तर होते. संरक्षण नोंदलेल्या संघांपुरतेच राहिले, ही उणीव खरी. मी कामाला लागलो तेव्हा एका कारखान्यात, नाव सांगत नाही, सातवी सही मिळवायला आम्हाला चार महिने लागले होते. सही करणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी रात्रपाळीला टाकत. सात हा आकडा कागदावर लहान दिसतो, म्हणून सांगितले. २००१च्या दुरुस्तीने त्याला शेकडा दहा किंवा शंभर कामगारांची अट जोडली.

सगळेच जमले असे नाही. १९२४ साली जोशींनी कामकरी स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचे बिल आणले आणि ते फेटाळले गेले. पण चर्चा छापली गेली होती. १९२९ साली मुंबई प्रांताने तसा कायदा केला, आणि साऱ्या देशासाठीचा कायदा व्हायला १९६१ साल उजाडले.

आता १९२९ची गोष्ट. सरकारने दोन बिले आणली, एक सार्वजनिक सुरक्षिततेचे आणि दुसरे औद्योगिक तंट्यांचे. सुरक्षिततेच्या बिलावर आदल्या वर्षी ६१ विरुद्ध ६१ अशी बरोबरी झाली होती आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांच्या मताने ते पडले होते. ते पुन्हा आले. मध्यंतरी मार्चमध्ये मीरत कटाच्या धरपकडी झालेल्या. ११ एप्रिलला पटेलांनी निर्णय दिला की, कोर्टापुढे असलेल्या खटल्याला हात न लावता या बिलावर चर्चा होऊच शकत नाही, म्हणून ते मांडता येणार नाही. नियमाच्या एका वाक्याने सरकारची गाडी अडली, आणि व्हाइसरॉयला वटहुकूम काढावा लागला.

तंट्यांचे बिल मात्र ८ एप्रिलला मंजूर झाले. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकला तो त्याच दिवशी, त्यामुळे बिलात काय होते हे लोकांच्या लक्षात राहिले नाही. त्यात सहानुभूतीच्या संपांना आळा घालणारे कलम होते. सार्वजनिक सेवेतल्या मासिक पगाराच्या नोकरांनी चौदा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय संप करू नये, असेही कलम होते. जोशींनी या बिलाला विरोध केला. ते साम्यवादी नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या फुटीत ते आयटकमधून बाहेर पडले. तरीही मीरतच्या आरोपींना ज्या कायद्याचा फास बसेल तोच उद्या आपल्या नेमस्त युनियनलाही बसेल, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

सप्टेंबर २०२०मध्ये संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. १९२६चा कामगार संघ कायदा, १९४६चा स्थायी आदेशांचा आणि १९४७चा औद्योगिक विवादांचा, असे तीन कायदे तिने एकत्र केले. त्या दिवसांत विरोधी सभासदांनी शेतीविषयक बिलांवरून बहिष्कार घातला होता. बहिष्काराची कारणे त्यांच्यापाशी असतील, सरकारची घाईही उघड होती. पण त्यामुळे कामगारांच्या तीन कायद्यांवर विरोधी बाकांवरून कलमवार बोलणारे कोणी राहिले नाही. दुरुस्त्या नाहीत, मतविभागणी नाही, उद्या वाचायला भाषणेही नाहीत. चौदा दिवसांच्या नोटिशीची अट, जी १९२९ साली सार्वजनिक सेवांपुरती होती, ती या संहितेने सगळ्याच उद्योगांना लावली.

१९२९ची चर्चा छापलेली आहे आणि संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात ती फुकट वाचता येते. इंग्रजी जुन्या धाटणीचे आहे, मला शब्दकोश घेऊन बसावे लागले. आमच्या युनियनच्या कचेरीत दर रविवारी सकाळी आम्ही तिची काही पाने मराठीत वाचतो. सध्या औद्योगिक तंट्यांच्या बिलाचे पंधरावे कलम चालू आहे.