वरसईची हकिगत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही कंत्राटी कामगार, किमान वेतन, बोनस असल्या विषयांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. पण ते सारे आम्ही वर्षभर रोह्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर बोलतच असतो. आज आपल्याच तालुक्यातल्या एका कामगाराविषयी बोलावे असे मनात आहे. त्याचे नाव विष्णुभट गोडसे, गाव वरसई, धंदा भिक्षुकी.

भिक्षुकाला कामगार म्हटले म्हणून कोणी रागावू नये. घरावर कर्ज, शेतीत भागत नाही, गावात यजमान थोडे आणि ब्राह्मण फार, अशी त्यांची स्थिती होती. त्यात वर्दी आली की, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार आहेत आणि लाखांनी दक्षिणा वाटली जाणार आहे. तिशीच्या घरातला हा माणूस आपल्या काकांना बरोबर घेऊन १८५७ साली पायी उत्तरेकडे निघाला. आमच्या भागातले तरुण आज जसे कोणी सांगितले म्हणून गुजरातेत किंवा आखाती देशांत कामाला जातात, त्यातलाच हा प्रकार. दक्षिणा म्हणजे भिक्षुकाची मजुरी, दुसरे काय? काम लागले की फेडीचा हिशेब, आणि वाटेत काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नाही.

वाढून काय ठेवले होते ते आपण जाणता. महूच्या आसपास त्यांना पलटणीचे शिपाई भेटले आणि पुढे जाऊ नका, आता गर्दी उडणार आहे, असे सांगू लागले. काका-पुतणे परतले नाहीत. उज्जैन, धार, ग्वाल्हेर करीत ते झाशीस पोहोचले, आणि १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा आत अडकले. ३ एप्रिलला इंग्रज फौज तटावरून शहरात उतरली. पुढे जे झाले ते या पेण तालुक्याच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. शहरात झालेली कत्तल पाहिली. लुटीलाही पाळी होती, ती पाहिली: आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, मग धान्य. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला त्याची हळहळ त्यांनी नोंदली आहे. कनवटीला बांधलेली दक्षिणा तिथेच गेली.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटल्या. अंगावर पठाणी पोशाख, धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ. विष्णुभट पाणी काढून देऊ लागले, पण राणीने त्यांना थांबवले, स्वतःच पाणी काढले आणि ते ओंजळीने प्यायले. राणीवर नाटके झाली, चित्रपट झाले, पुतळे झाले. पण विहिरीच्या काठावर ओंजळ पुढे करणारी राणी आपल्याला वरसईच्या या भिक्षुकामुळे मिळाली. आम्हांला ती घोड्यावरच्या राणीपेक्षा मोठी वाटते. हे आमचे मत, आपण भांडायला मोकळे आहात.

आता ही रोजनिशी नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. घरी परतल्यावर वीसबावीस वर्षे त्यांनी काही लिहिले नाही. त्यांचे यजमान कल्याणचे चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहाने त्यांनी १८८३ च्या सुमारास सारे आठवून लिहून काढले. त्यात तारखा चुकल्या आहेत, ऐकीव गोष्टी खऱ्या म्हणून आल्या आहेत, आणि इतिहासकारांनी त्या दाखवून दिल्या आहेत. पण आमचा धंदा जबाब लिहून घेण्याचा. एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला होता. त्यात भाजलेल्या कामगारांचे जबाब आम्ही इस्पितळात खाटेशी बसून घेतले. तारीख विचारली तर एकाने सोमवार सांगितला, एकाने मंगळवार. पण व्हॉल्व्ह आठ दिवस गळत होता, तो कोणत्या पाळीला कोणाला सांगितला, त्यावर काय उत्तर मिळाले, हे सगळ्यांनी एकसारखे सांगितले. पुढे टंकलिखित अहवाल आला. त्यात तारीख अगदी बरोबर होती आणि खाली एकच ओळ: कामगारांचा निष्काळजीपणा. तेव्हापासून तारीख चुकली म्हणून आम्ही कोणाचा जबाब फेकून देत नाही. विष्णुभटांनी कोठे किती दक्षिणा मिळाली, कोणी जेवू घातले, कोणी दारातून हाकलले, तहान कशी लागली, हे सांगितले आहे. आणि अंगावर बेतलेल्या गोष्टी माणूस विसरत नाही.

आणि मग त्या जबाबाचे काय होते? विष्णुभटांनी लिहिलेली हकिगत वैद्यांच्या घरी दोन तपे पडून राहिली. बंड पाहिलेल्या माणसाला सरकारची धास्ती वाटणे साहजिकच होते, म्हणून आपल्या पश्चात ती छापावी असे ठरले होते. १९०७ साली वैद्यांनी 'माझा प्रवास' या नावाने ती प्रसिद्ध केली. पण भाषा घासून पुसून, काही गाळून, काही आपल्या समजुतीने बदलून. वैद्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु काळ पाहा. पुढच्याच वर्षी लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. शिवाय वैद्यांनी मागे लागून लिहवून घेतले नसते तर हा भिक्षुक आपल्या आठवणी घेऊनच गेला असता, आणि मूळ हस्तलिखित त्यांनी जाळले नाही, जपले. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले आणि दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून मूळ बरहुकूम आवृत्ती १९६६ साली काढली. म्हणजे विष्णुभटांचे बोलणे विष्णुभटांच्याच शब्दांत ऐकायला महाराष्ट्राला ऐंशीहून अधिक वर्षे थांबावे लागले. आम्ही तीच आवृत्ती वाचली, टाळेबंदीच्या दिवसांत, नगर वाचनालयातून आणून. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला ती जड जाईल असे ग्रंथपालांनी बजावले होते. उलट वैद्यांची गुळगुळीत भाषाच आम्हांस परकी वाटली. मूळ हकिगत आमच्या आजीच्या बोलण्यासारखी आहे, वाक्य सुरू झाले की श्वास संपेपर्यंत चालते.

ही गोष्ट एकट्या वरसईची नाही. या पेणमध्ये आणि आमच्या रोह्यात शनवारी घाणा बंद ठेवणारे तेली राहत होते, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. ते बेने इस्रायली ज्यू. पेणकर आणि रोहेकर ही त्यांची आडनावे आजही आहेत, पेणमधले त्यांचे प्रार्थनामंदिर आपण रोज पाहतो. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. कोकणात त्यांना शेकडो वर्षांत कोणी त्रास दिला नाही. याच धर्माच्या एका मुलीला मात्र युरोपात घराच्या मागच्या भागात दोन वर्षे लपून राहावे लागले. अॅन फ्रँक तिचे नाव. ६ जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत अॅमस्टरडॅममध्ये आठ माणसे एका कपाटामागे राहिली. तिने रोजनिशी लिहिली. मार्च १९४४ मध्ये नभोवाणीवर एका डच मंत्र्याने, लोकांनी युद्धातली पत्रे आणि दैनंदिन्या जपून ठेवाव्यात, असे आवाहन केले, तेव्हा या पोरीने आपली वही पुन्हा नीट लिहायला घेतली. पंधराव्या वर्षी बेर्गन-बेल्सनच्या छावणीत ती वारली. आठांतून तिचे वडील तेवढे उरले. १९४७ साली त्यांनी वही छापली, पण तीही काही गाळून. सगळे मजकूर एकत्र १९८६ साली बाहेर आले. बघा, वैद्य आणि पोतदार तिकडेही आहेत.

आणि ते घर? १९५५ च्या सुमारास ते पाडून टाकण्याचे घाटत होते. जागेला किंमत होती. शहरातल्या लोकांनी हरकत घेतली, पैसा जमवला, १९६० साली ते घर पाहण्यासाठी खुले झाले. वाचलेले पान आणि पाय टेकवलेली जागा यांची गाठ पडली की माणूस काही वेगळाच होऊन बाहेर पडतो, म्हणून लोक तेथे रांगेत उभे राहतात.

ही गाठ घालावी म्हणून आम्ही झाशीस गेलो. संघटनेच्या परिषदेसाठी कानपूरला जायचे होते, तेव्हा आम्ही रोह्याचे पाच जण वाटेत उतरलो. किल्ल्यावर कडक बिजली तोफ आहे. गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची कबर आहे, आणि ती पाहताना टोपी आपोआप उतरते. तोफ चालवणारा, दार राखणारा, आणि एक बाई: राणीची लढाई कोणाच्या हातांनी लढली गेली, हे या थडग्याइतके स्वच्छ कोणी सांगितले नाही. पण ज्याने या सर्वांची साक्ष ठेवली, त्याच्या नावाचा फलक शोधून सापडला नाही. वाटाड्याला विचारले, तर त्याने वृंदावनलाल वर्मांच्या कादंबरीचे नाव सांगितले. मग तटावर बसून आमच्यातल्या एकाने विष्णुभटांची वेढ्याची पाने मोठ्याने वाचली. मराठी कळत नव्हते, तरी चारदोन यात्रेकरू थांबून ऐकत राहिले.

परत आल्यावर आम्ही वरसईस गेलो. पेणहून खोपोलीच्या बाजूला, बाळगंगा नदीच्या काठी हे गाव. याच तालुक्यात गागोद्याला विनोबांचे जन्मघर लोक आवर्जून पाहतात. वरसईची वाट फारसे कोणी विचारत नाही. आणि आता विचारायची तर लवकर विचारली पाहिजे. २०१० च्या सुमारास बाळगंगेवर धरणाचे काम सुरू झाले, नवी मुंबई परिसराला पाणी देण्यासाठी. बुडीत जाणाऱ्या गावांत वरसई आहे. पुनर्वसनासाठी तिथल्या लोकांनी मोर्चे काढले, धरणे धरले, आणि आमच्या संघटनेने त्यांत आपली माणसे पाठवली. शहरांना पाणी लागते, ते कोणीही नाकारत नाही. आमच्या कारखान्यांनाही लागते, आणि तिथे आमचीच माणसे कामाला आहेत. पण बुडणाऱ्या गावाची किंमत एकरांत आणि झाडांच्या मोजणीत काढली जाते. आंबा किती, फणस किती, पक्के घर, कच्चे घर. त्या तक्त्यात एका ग्रंथाच्या गावाला रकाना नाही.

इथे एक गोष्ट सांगतो. विष्णुभट दोनअडीच वर्षांनी घरी आले तेव्हा हाती पैसा जवळजवळ नव्हता. होती खांद्यावर काशीहून पायी आणलेली गंगेच्या पाण्याची कावड. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना वरसईच्या अंगणात स्नान घातले. कत्तल, लूट, उपासमार यांतून माणूस वाचला आणि त्याने वाचवून आणले ते पाणी.

गावातल्या एका म्हातारीला आम्ही हे सांगितले. तिची वाडी वरच्या अंगाला, तीही बुडीतात. ती शांतपणे ऐकत होती. मग विचारले, "दादा, त्या पुस्तकात आमच्या वाडीचं नाव आहे का?"

आम्ही म्हटले, "वाडीचं नाही आजी, वरसईचं आहे."

"मग मोबदल्यात ते धरतात का?"

पोतदारांची आवृत्ती आमच्या झोळीत होती, ती तिच्या नातवाच्या हाती दिली. दहावीचा मुलगा आहे. पुढच्या रविवारी आम्ही काही जण सकाळी पेणच्या एस.टी. स्थानकावरून वरसईस जाणार आहोत; त्याने पहिली वीस पाने वाचून ठेवीन म्हणून कबूल केले आहे. ज्यांना यायचे त्यांनी सभेनंतर चालकांकडे नाव द्यावे. भाकरी आपापली आणावी.