घेणे आणि ठेवणे : प्राथमिक वर्गाच्या मांडणीविषयी



सुवर्णमहोत्सवी वर्षात परिसरातील शाळांना साहित्य देण्याचा विचार निघाला की सर्वप्रथम लोखंडी कपाटाचे नाव पुढे येते. कपाट डोळ्यांत भरते, त्यावर दात्याचे नाव रंगवता येते आणि ते दीर्घकाळ टिकते. या विचारात गैर काही नाही. प्रश्न एवढाच उरतो की, ते उघडणार कोण? पहिली-दुसरीच्या वर्गात असे कपाट शिक्षकाच्या मेजामागे उभे राहते. त्याची उंची साडेसहा फूट असते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असते. सहा वर्षांच्या मुलाची उंची सुमारे पावणेचार फूट. ज्याच्यासाठी वस्तू आणली, त्याच्याचपासून ती सुरक्षित ठेवली जाते, असा हा विचित्र व्यवहार आहे.

कळंबोलीत या प्रश्नाला अधिक वजन आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीलगतच्या या सखल भूमीवर पुढे वसाहत उभी राहिली. मुंबई बेटावरील लोखंड-पोलादाचा घाऊक व्यापार बाहेर नेण्यासाठी येथे बाजार वसवण्यात आला. त्या बाजाराबरोबर माथाडी, वाहनचालक, वजनकाट्यावरील कारकून, गॅस-कटरवर काम करणारे कारागीर यांची कुटुंबे आली. कोणी साताऱ्याकडून, कोणी बीड-लातूरकडून, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या लहान घरांत एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि निजणे चालते. दप्तर दिवसा खुंटीवर आणि रात्री कोणाच्या तरी उशाशी. अशा घरात मुलाच्या नावाची हातभर जागाही नसते. वर्गातील एक फूट रुंदीचा कप्पा ही त्याच्या आयुष्यातील पहिली स्वतःची जागा ठरू शकते. सुस्थितीतील घरांना या गोष्टीचे महत्त्व सहसा जाणवत नाही.

जैन परंपरेला हा विषय नवा नाही. साधू-साध्वींनी पाळावयाच्या पाच समितींमध्ये ईर्या, भाषा आणि एषणा यांच्यानंतर चौथी समिती येते ती आदान-निक्षेपणाची. आदान म्हणजे घेणे, निक्षेपण म्हणजे ठेवणे. वस्तू उचलताना आणि खाली ठेवताना पाहून, पुसून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा रीतीने ठेवावी, एवढी साधी ही आज्ञा. त्यासाठीच वस्त्र-पात्रांचे रोज पडिलेहण होते. ज्या परंपरेने वस्तू ठेवण्याच्या क्रियेला धर्माचरणात स्थान दिले, तिच्या अनुयायांनी शाळेला कपाट देताना केवळ त्याच्या पत्र्याची जाडी पाहावी, हे शोभत नाही. मूल वस्तू कशी घेईल आणि कशी ठेवील, हा खरा विचार.

बंद कपाटाचा इतिहास आपल्या देशात बोधप्रद आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य मिळावे हा तिचा हेतू. हेतू उत्तम होता. साहित्याच्या पेट्या शाळांत पोहोचल्या. मात्र अनेक ठिकाणी त्या कुलपातच राहिल्या. शिक्षकांचा आळस हे त्याचे कारण म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या बोलीतील डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, चढलेली असते. मणी हरवला, भिंग फुटले, तर उत्तर शिक्षकाला द्यावे लागते. तपासणीच्या दिवशी वस्तू पूर्ण भरली पाहिजे, हे वापरण्यापेक्षा महत्त्वाचे होऊन बसते. आपल्याकडे आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. शाळेला पेटी देणारा ज्ञानदान करतो. पण त्याबरोबर काही वस्तू फुटतील-हरवतील हे गृहीत धरून त्या भरून देण्याचे लेखी आश्वासन दिले, तर शिक्षकाला अभयदानही मिळते. हे दुसरे दान पहिल्याच्या मानाने फार स्वस्त पडते.

६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो या श्रमिक वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. तेथील मुलेही मजुरांचीच होती. कपाटे बुटकी आणि मुलांच्या हाताला येणारी, मेज-खुर्च्या मुलांना उचलता येतील इतक्या हलक्या, हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य पुढे जगभर गेले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार भारतीय भूमीत रुजवला. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि तेथे व पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की, विदेशी महाग साधनांवाचूनही बालशाळा चालते. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांनी मोजणी आणि वर्गीकरण शिकवता येते. साधने स्वस्त झाली, पण ती हाताशी असण्याचे तत्त्व त्यांनी सोडले नाही.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. म्हणून तीस मुलांचा वर्ग धरावा. प्रत्येकी सोळा कप्प्यांच्या दोन उघड्या मांडण्या कराव्यात, चार ओळी आणि चार रांगा. कप्पा अकरा इंच रुंद, आठ इंच उंच, एक फूट खोल. त्यात पुस्तके-वह्या आडव्या राहतात, वर डब्बाही मावतो. तळाशी सहा इंचांचे पाय ठेवले तरी एकूण उंची सव्वातीन-साडेतीन फुटांच्या आतच राहते आणि वरच्या ओळीतही मुलाचा हात सहज पोहोचतो. पत्र्याच्या कडा आत वळवलेल्या असाव्यात आणि मांडणी भिंतीला पट्टीने घट्ट आवळलेली असावी. मुले चढतात, हे गृहीत धरावे. लोखंडाच्या बाजारात राहून ही गोष्ट करवून घेणे कळंबोलीकरांना अवघड जाऊ नये.

निधी कमी असेल तर कापडाचा मार्ग आहे. जाड ड्रिल किंवा दुपदरी मांजरपाटाच्या पडद्यावर तीस खिसे शिवून तो भिंतीवरील लाकडी पट्टीला टांगता येतो. मांजरपाट कोरेच शिवू नये. पहिल्या धुण्यात ते आटते आणि खिसे आखडतात. आधी भिजवून, वाळवून मगच कात्री लावावी. खिशात पाटी-वही राहते. मात्र पुस्तकांचा सगळा भार त्यावर टाकू नये.

सामायिक साहित्य वेगळ्या बुटक्या मांडणीवर, उघड्या डब्यांत असावे. मोजणीच्या काड्या, मणी, रंगखडू, चित्रकार्डे. जूनमध्ये पहिलीतील मुलाला वाचता येत नाही आणि येथील वर्गात मराठी, हिंदी, भोजपुरी, कन्नड बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात; म्हणून डब्यावर चित्र आणि त्याखाली मराठी शब्द हवा. दिवाळीनंतर चित्रे हळूहळू काढून घ्यावीत. डबे जागेवर ठेवता ठेवता मूल चाळीस-पन्नास शब्द वाचायला शिकलेले असते. कात्री, ब्लेड, फिनेल, शाई या वस्तू मात्र शिक्षकाच्या बंद कपाटातच शोभतात. दानात मिळालेले ते उंच कपाट येथे उपयोगी पडते.

कापडाच्या पेढीवर रोज लागणारा माल हाताच्या उंचीवर, हंगामी माल माळ्यावर, हा नियम नवशिका गडीही जाणतो. दिवसभर उलगडलेले तागे दुकान वाढवण्याआधी घडी होऊन आपल्या जागी गेले नाहीत, तर दुसऱ्या दिवसाची पहिली गिऱ्हाईके शोधाशोध पाहतच बसतात. शाळेत हे काम घंटेनंतर शिपायाकडे सोपवले जाते. ते वेळापत्रकात हवे. शेवटच्या तासिकेतील दहा मिनिटे मुलांनी स्वतः वस्तू मोजून ठेवण्यासाठी राखावीत. पंधरा काड्यांपैकी चौदाच भरल्या, एक कोठे गेली, हा पहिलीच्या मुलाच्या दृष्टीने वजाबाकीचा सर्वोत्तम पाठ होय.

कप्प्याचा आणखी एक उपयोग पाठीशी संबंधित आहे. यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा आग्रह धरला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आणि केंद्राच्या धोरणाने २०२० मध्ये दप्तराची मर्यादा मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ठेवली. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. आदेश निघाले, तरी पुस्तके शाळेत ठेवायला जागाच नसेल तर ती पाठीवरच राहणार. जागा झाली की आदेश आपोआप पाळला जातो.

राहिला प्रश्न ओलाव्याचा. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कळंबोलीत पाणी शिरले, त्याची आठवण येथील जुन्या रहिवाशांना करून द्यावी लागत नाही. तेवढा पूर नाही आला तरी चार महिने भिंती ओल धरतात. म्हणून मांडणी भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे, मध्ये लाकडी ठोकळे देऊन आवळावी, आणि सर्वांत खालच्या ओळीत पावसाळ्यात कागद ठेवू नये. कसर आणि वाळवी लागल्यावर औषध फवारणे म्हणजे जीवहिंसाही झाली आणि पुस्तकेही गेली. जीव उत्पन्नच होऊ नयेत अशी कोरडी, स्वच्छ जागा राखणे हीच जयणा. पाटण, जैसलमेर येथील ज्ञानभांडारांनी शतकानुशतके हेच केले. ग्रंथ कापडाच्या बासनात बांधलेले, पेटीत वेखंडाच्या पुरचुंड्या आणि ज्ञानपंचमीला झाडलोट. ज्ञानपंचमी दिवाळीच्या सुटीच्या सुमारास येते, वर्ग तेव्हा बहुधा रिकामे असतात. संस्थेच्या तरुणांनी मुख्याध्यापकांच्या परवानगीने दिलेल्या मांडण्या त्याच दिवशी पुसून, गंजलेल्या जागी रंगाचा हात फिरवून, तुटलेले डबे बदलून द्यावेत.

बत्तीस कप्पे आणि तीस मुले. दोन कप्पे शिल्लक राहतात. त्यांत खडूची खोकी भरण्याचा मोह होईल, तो आवरावा. कामाच्या शोधात आलेल्या कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्येच, कधी ऑगस्टमध्ये तर कधी जानेवारीत, दाखल होतात. नावाची पट्टी सरकवून बदलता येईल अशी असावी. नवे मूल वर्गात येईल त्या दिवशी त्याचे नाव त्याच्यासमोर लिहून लावता आले पाहिजे.