हिवाळा आणि बालवाडीतील हातांचे शिक्षण

(बालवाडी-शिक्षिकांच्या मेळाव्यातील भाषण)



दिवाळीची सुटी संपून बालवाडी पुन्हा भरू लागली की वर्षातील सर्वांत मोलाचा काळ सुरू होतो. पाऊस उघडलेला असतो, वाटा कोरड्या झालेल्या असतात, शेते आणि परसे शेंगांनी भरलेली असतात आणि सकाळचे ऊन हवेहवेसे वाटते. मार्गशीर्ष, पौष आणि माघ या तीन महिन्यांत निसर्ग बालवाडीच्या दारात जे शैक्षणिक साहित्य आणून ठेवतो, त्याला एक पैचाही खर्च नाही.

परंतु याच महिन्यांत आणखी एक गोष्ट घडते. जूनमध्ये मूल पहिलीत जाणार, ही चिंता पालकांना पौषातच लागते. पाटी-पेन्सिल घेऊन आई दारात उभी राहते आणि विचारते, “बाई, अजून याला ‘अ’ काढता येत नाही, पुढं कसं व्हायचं?” बाईंनाही त्या चिंतेची लागण होते. मुलाच्या मुठीवर आपली मूठ ठेवून त्या अक्षर गिरवून घेऊ लागतात. पाटीवर ‘अ’ उमटतो, आई समाधानाने घरी जाते. पण त्या अक्षरात मुलाचा हात कोठेच नसतो. हिवाळ्याचे हे महिने गिरवण्यात जावेत की हातांच्या कामात, हा या विषयातील खरा प्रश्न होय.

लेखन हे डोळ्यांचे आणि बुद्धीचे काम आहे, तसेच ते हाताचेही आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चास्वरूपात असतात आणि एकामागून एक पक्की होत जातात. सर्व पक्की होण्यास नववे-दहावे वर्ष उलटते. पेन्सिल धरण्यासाठी अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांची जी चिमूट लागते, तिला बळ यावयाचे ते वेचण्याने, सोलण्याने, मळण्याने आणि ओवण्याने. हे बळ येण्यापूर्वी पेन्सिल हाती दिली तर मूल ती मुठीत आवळते, लवकर दमते आणि लेखनाचा कंटाळा घेऊनच पहिलीत जाते.

हाताच्या शिक्षणाचा हा विचार नवा नाही. जर्मनीतील फ्रोबेल यांनी 1837 साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था काढली आणि 1840 साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे हे त्यांचे पहिले साहित्य होते. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह रोममधील गरीब वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी, म्हणजे ऐन हिवाळ्यातच, सुरू केले. त्यांच्या लाकडी दट्ट्यांना लहान मुठी बसवलेल्या असत. त्या तीन बोटांनी धरून उचलताना मुलाचा हात न कळत लेखणीसाठी तयार होई. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने उभी केली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये, तोच प्रयोग चालला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ आणि कृती यांनाच त्यात प्राधान्य दिले आहे.

आता प्रत्यक्ष उपक्रमांकडे वळू. सकाळी मुले येतात तेव्हा गवतावर दव असते. ते बोटाने टिपावे, पानावरचा थेंब न सांडता दुसऱ्या पानावर न्यावा. दोन लहान पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत खोबरेल तेल, दुसरीत शेंगदाण्याचे तेल भरून झाकणे घट्ट लावावीत आणि रात्री तशाच ठेवाव्यात. सुमारे 24 अंशांच्या खाली खोबरेल थिजते. सकाळी एक बाटली पांढरी झालेली दिसते, दुसरी तशीच असते. शिक्षिकेने येथे कारण सांगण्याची घाई करू नये. मुलांनी पांढरी बाटली तळहातांत फिरवावी, उन्हात ठेवावी, पुन्हा सावलीत आणावी. ऊब म्हणजे काय, हे त्यांच्या हातांना आधी कळते; शब्द मागून येतो.

अंगणात मीटरभर उंचीची काठी रोवावी. दर सोमवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास तिच्या सावलीच्या टोकाशी मुलांनी एक खडा ठेवावा. डिसेंबरच्या 22 तारखेच्या सुमारास सावली सर्वांत लांब असते, नंतर ती आखडू लागते. फेब्रुवारीच्या अखेरीस पहिल्या आणि शेवटच्या खड्यांतील अंतर मुले आपल्याच वितीने मोजतील, तेव्हा मोजमापाचा आणि ऋतुबदलाचा पाठ एकदमच झालेला असेल.

पिकांचा हंगाम तर बालवाडीची खरी कार्यशाळाच आहे. वाटाणा, वाल, तूर, हरभऱ्याचे घाटे यांपैकी गावात जे पिकते ते मूठ-मूठ जमवावे. शेंग कोठून दाबली की उघडते, हे मुलाने स्वतः शोधावे. दाणे एका वाटीत, टरफले दुसरीत. मग मोठे-लहान, हिरवे-पिवळे अशी निवड. मूठभर मटकी भिजवून तिचे दोन भाग करावेत. एक नुसत्या ओल्या फडक्यात, दुसरा वरून लोकरी कापड गुंडाळून ठेवावा. कोणत्या भागाला आधी मोड आले, हे पाहण्यासाठी मुले सकाळी धावत येतील.

संक्रांतीला गुळाचा पाक करण्याचा मोह टाळावा. तो मुलांजवळ धोक्याचा. भाजलेले तीळ आणि किसलेला गूळ खलबत्त्यात कुटावा. कुटण्याची पाळी प्रत्येकाला मिळावी आणि प्रत्येकाने आपला लाडू आपल्याच तळहातांत वळावा. तो वेडावाकडा झाला तरी शिक्षिकेने सुधारू नये. घरी आजीच्या हातावर जो लाडू पडेल, तो नातवाचाच असला पाहिजे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. दाणे आणि बिया नाकात किंवा घशात जाण्याचा धोका असतो. म्हणून तीन वर्षांच्या मुलांना मोठ्या शेंगा द्याव्यात, काम चालू असताना शिक्षिकेने जागा सोडू नये आणि शेवटी दाणे उचलून ठेवल्याची खात्री करावी. बोरे बी काढूनच खाऊ घालावीत. शेकोटी बालवाडीच्या आवारात नको. मातीकाम ऊन वर आल्यावर घ्यावे, हात कोमट पाण्याने धुवावेत आणि फुटलेल्या हातांना तेल लावावे. दुखऱ्या बोटांना कोणतेच शिक्षण गोड लागत नाही.

काही तालुक्यांत दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांची मुले जाताना अर्धवट गिरवलेली वही बालवाडीच्या कपाटात राहते. हातात आलेले कसब मात्र मुलाबरोबर फडावर जाते आणि त्याच्याबरोबरच परत येते.

आता दारात उभ्या असलेल्या त्या आईकडे पुन्हा वळले पाहिजे. तिची चिंता खोटी नाही. तिला हसून वाटेला लावणे योग्य नव्हे. शिक्षिकेने तिला तासभर आत बसवून घ्यावे. शेंगा सोलण्याचे काम तिच्या चांगल्या ओळखीचे आहे. गेल्या महिन्यात दातांनी शेंग फोडणारा आपला मुलगा आज चिमटीने ती उकलतो, दाणे मोजतो आणि सांडलेला दाणा आपणहून उचलतो, हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. मग शिक्षिकेने सांगावे, “ताई, पेन्सिल धरायची ती याच तीन बोटांनी. ती तयार होताहेत.”

माघ सरता सरता एखाद्या सकाळी ते मूल अंगणातल्या धुळीत काडीने रेघ ओढील, रेघेला गोल जोडील आणि बाईंना हाक मारील. तेव्हा पाटी द्यावी. तो ‘अ’ कदाचित एका बाजूला कललेला असेल; पण तो सर्वस्वी त्या मुलाचा असेल.