सुट्टी लागते, तेव्हा घरी कोण असते?



महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे अनेक आहेत. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे ठिकाण म्हणून परिचित आहे, तर वर्धा जिल्ह्यातील आष्टी १९४२ च्या हुतात्म्यांमुळे स्वातंत्र्याच्या इतिहासात अजरामर झाली. परतूर तालुक्यातील ही आष्टी त्या मानाने अप्रसिद्ध. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून निघून या जिल्ह्यात सामील झाला. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी आणि हरभरा यांवर जगणारा हा भूभाग. 'हिवाळ्याची सुट्टी आणि कुटुंब' या विषयाचा विचार पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून केला तर तो सहलींच्या बेतापाशी संपतो. आष्टीसारख्या गावात केला तर तो समाजाच्या एका गंभीर प्रश्नापाशी येऊन पोहोचतो.

मराठी शाळेला दिवाळीची सुट्टी मिळते, इंग्रजी माध्यमाच्या शाळेला त्याशिवाय नाताळची. परदेशी कंपन्यांत काम करणाऱ्या तरुणांनाही डिसेंबरअखेरीस सवड सापडते. ही सुट्टी कोठे घालवायची, हा अलीकडे मध्यमवर्गीय घरांतील चर्चेचा विषय असतो. गोवा, महाबळेश्वर, राजस्थान ही नावे निघतात. 'गावी जाऊ या' हे वाक्य क्वचितच कोणी उच्चारते. वास्तविक मराठवाड्याच्या खेड्यात राहावे ते याच दिवसांत. उन्हाळ्यातील टंचाई अद्याप दूर असते, विहिरीला पाणी असते, तूर शेंगांनी लगडलेली असते आणि हरभरा घाट्यावर आलेला असतो.

आपल्या पूर्वजांनी या ऋतूत कुटुंबाला एकत्र बसविणारे प्रसंग किती कौशल्याने गुंफले आहेत, ते पाहावे. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडग्याच्या रूपाने पुन्हा ताटात येते. सूर्य धनु राशीत असताना धुंधुरमास पाळला जातो. पहाटेच्या थंडीत मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी यांचे जेवण सूर्योदयाच्या सुमारास होते. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि त्या ऋतूतील सर्व भाज्यांची एकत्र भाजी, दुसऱ्या दिवशी संक्रांतीचा तिळगूळ. आणि या सर्वांच्या मध्ये हुरडा. शेतात आगटी पेटवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ज्वारीची कोवळी कणसे भाजावीत, हातावर चोळावीत आणि चटणी-गुळासोबत गरम दाणे खावेत. हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. कोणी भाजतो, कोणी चोळतो, कोणी पाखडतो, आणि सर्वजण एका आगटीभोवती बसतात. हुरडा पिशवीत भरून शहरात नेता येतो. आगटीभोवतीची ती गोलाकार बैठक नेता येत नाही.

त्या बैठकीत आजोबा १९७२ चा दुष्काळ सांगतात, वडील २०१२ च्या अवर्षणात वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा सांगतात. पाणी जपून का वापरायचे आणि दारी आलेल्याला विन्मुख का पाठवायचे नाही, हे नातवंडांना त्या वेळी उपदेशावाचून कळते. संस्कार हा वेगळा तास ठेवून शिकविण्याचा विषय नाही. तो सहवासातून झिरपतो, आणि सहवासाला वेळ द्यावा लागतो. शनिवारी सायंकाळी येऊन रविवारी दुपारी परतणाऱ्या मुलाला गाव दिसते, परंतु उमगत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य केली पाहिजे. घरात पाहुणे आले की घराला आनंद होतो. त्या घरातील सुनेला मात्र पहाटे चारला उठावे लागते. दहा माणसांच्या भाकऱ्या, चहाची आधणे, अंथरुणे-पांघरुणे हे सर्व जिच्या वाट्याला येते, तिची सुट्टी कोणती? सुट्टी या शब्दात सुटणे आहे. एकीला अधिक जखडून इतरांनी सुटणे याला कौटुंबिक जीवन म्हणता येणार नाही. शहरातून आलेल्या मुलांनी पाणी भरावे, पुरुषांनी पंगत वाढावी आणि भांडी आवरावीत. यात कमीपणा नाही. आगटीभोवती घरातील प्रत्येकजण बसला तरच ती बैठक पूर्ण झाली.

आता त्या दुसऱ्या घरांकडे वळू. आष्टीच्या आसपास, म्हणजे परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या पट्ट्यात अशी कितीतरी घरे आहेत, ज्यांच्या दाराला हिवाळ्यात कुलूप असते. ही माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. घरातील आजारपण, लग्न किंवा बी-बियाण्यासाठी ती खर्चही झालेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि पती-पत्नीची जोडी पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागते. या जोडीलाच तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाला त्याच्या हातातील हत्याराचे नाव मिळावे, यातच त्या जीवनाचे सार आहे. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री पाचटाच्या कोपीत पाठ टेकायची. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ही समाधानाची गोष्ट. परंतु दर वाढल्याने गेलेले माणूस संक्रांतीला घरी येत नाही. हंगाम संपून ही कुटुंबे परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे.

म्हणजे चंपाषष्ठी, धुंधुरमास, भोगी, संक्रांत हे सारे सण त्यांच्याकडून फडातच मावळतात. ज्या ऋतूत एक घर एकत्र येते, त्याच ऋतूत शेजारचे घर दुभंगते.

या दुभंगलेल्या घरांतील मुलांचे काय होते? दिवाळीची सुट्टी संपते, शाळा पुन्हा भरते, गुरुजी हजेरी घेतात आणि काही नावांना उत्तर येत नाही. कागदोपत्री ते मूल गैरहजर असते. प्रत्यक्षात ते शेकडो किलोमीटर दूर धाकट्या भावंडाला सांभाळत असते किंवा आईच्या मागे उसाची वाढी गोळा करीत असते. चार-पाच महिन्यांनी ते परतते, तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम गेले की शाळा सुटते ती कायमचीच. मुलगी असेल तर तिचे लग्न लवकर उरकण्याचा विचार सुरू होतो, कारण वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा त्या आईबापांपुढील खराखुरा पेच असतो. त्यांना दोष देणे सोपे आहे. तो भरवसा निर्माण करणे हे समाजाचे काम आहे.

उपाय नाहीत असे नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या बालकाला दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेशाचा अधिकार त्याने दिला आहे आणि दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली. पहिल्या टप्प्यात जालना जिल्ह्यातील घनसावंगी आणि अंबड हे तालुके होते. मात्र योजना कागदावरून मुलाच्या ताटापर्यंत येण्यासाठी मध्ये एक जागरूक माणूस लागतो. कोणते कुटुंब जाणार, मूल कोणाजवळ राहणार, याची यादी दसऱ्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती असली पाहिजे. दिवाळीनंतर केलेली धावपळ बहुधा व्यर्थ ठरते.

गावात सुट्टीसाठी येणाऱ्या कुटुंबांचे कर्तव्य येथूनच सुरू होते. आजीजवळ राहिलेली दोन मुले शेजारी असतील, तर हुरड्याला त्यांना बोलवावे. दया म्हणून नव्हे, घरची म्हणून. शहरातून आलेल्या महाविद्यालयीन मुला-मुलींनी सुट्टीतील रोज एक तास त्यांच्या वाचन-गणितासाठी द्यावा. त्या आजीचे डोळे, गुडघे, औषधे यांची विचारपूस करावी. आठवड्यातून एकदा फडातील आईबापांशी त्या मुलांचे मोबाईलवर बोलणे करून द्यावे. आणि निघण्यापूर्वी गावातील एका घराने तरी त्या मुलांकडे पाडव्यापर्यंत लक्ष ठेवण्याचे आश्वासन द्यावे. चार दिवसांचा जिव्हाळा दाखवून निघून जाणे मुलांना अधिक बोचते.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. बारा वर्षे टाकळीला तपश्चर्या आणि बारा वर्षे तीर्थाटन करून समर्थ जांबेस आले आणि वाट पाहून थकलेल्या मातेला भेटले, अशी परंपरा सांगते. अवघ्या विश्वाची चिंता वाहणाऱ्यालाही घरचा उंबरठा टाळावासा वाटला नाही. ज्याला घरी येता येते, त्याने या हिवाळ्यात यावे, राहावे, हातभार लावावा. आणि ज्यांना इच्छा असूनही येता येत नाही, त्यांच्या मुलांना संक्रांतीच्या दिवशी कोणाच्या तरी पंगतीत हक्काचे पान असावे. आष्टीने आणि आष्टीसारख्या प्रत्येक गावाने एवढा संकल्प केला, तरी कुलूप लागलेल्या घरांची मुले पाडव्याला आपल्या आईबापांना वर्गातील पुढचा धडा वाचून दाखवतील.