मनगटावरची गाठ

अमरावती असो की अकोला, वऱ्हाडात मण्यांच्या सराला पोत म्हणतात आणि ती गाठवतो पटवेकरी. त्याचा खरा मदतनीस पायाचा अंगठा! त्यात दोरा अडकवून ताणला, की दोन्ही हात मोकळे. एका टोकाला फासा, दुसऱ्याला मणी. मणी फाशातून जेमतेम जावा.

घरी ब्रेसलेट करायचं तर हिशेब सोपा. मनगट 16 सेंटिमीटर, सैलपणा दीड. म्हणजे 8 मिलिमीटरचे 22 मणी.

इलॅस्टिकचा दोरा ओवण्याआधी दोन-तीनदा ताणून घ्यावा, नाहीतर चार दिवसांत तो मण्यांतून डोकावू लागतो. टोकं बांधताना गाठीत एक वेढा जास्त द्यावा, कारण हा दोरा भारी निसरडा. वर नेलपॉलिशचा थेंब. वाळला, की गाठ हळूच मण्याच्या भोकात ओढून घ्यायची.