विजेविना रॉक

इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांनी 1971 मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभा केला. जॅझ आणि रॉक यांचा तो प्रचंड गजर होता. पुढे त्यांनी विजेवरची गिटार बाजूला ठेवून साधी लाकडी गिटार घेतली. मुंबईचे तबलावादक झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम वाजवणारे विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा वाद्यवृंद घडला. गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केल्यानं मींड घेता येऊ लागली. गिटारच्या सात तरफांनी, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या जास्तीच्या तारांनी, गुंजन भरलं. आवाज कमी झाला, जोर मात्र टिकला. 2024 मध्ये ‘शक्ती’ला ग्रॅमी मिळालं. कर्जत-खालापूरच्या तरुण वादकांनो, ‘शक्ती’ जरूर ऐका आणि गावच्या भजनी मंडळातला मृदंगही तितकाच कान देऊन ऐका.